अण्णांचं तीनशे वर्षांचं घर

१ नोव्हेंबर २०१८, गुरुवार

कालपासून सेवानिवृत्त. महसूल खात्यातल्या आयुष्यभराच्या नोकरीबद्दल एक शाल, एक नारळ, एक भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ बंद. त्यात सेल टाकायचं कुणालाही सुचलं नाही. भाषणं तीन झाली. एकाने माझं आडनाव चुकवलं. दुसऱ्याने वेळ कमी आहे म्हणून माझ्याऐवजी वरिष्ठांचे आभार मानले. देशावरचा माणूस तलासरीला बदली झाली की शिक्षा म्हणून रडतो. मी रडलो नाही, इथेच राहिलो, हे कुणी बोललं का? नाही.

असो. मनावर घेतलेलं नाही.

नवी रोजनिशी, नवा निश्चय. डहाणू गावात 'ढोले हेरिटेज वॉक' सुरू करणे. मुंबईची माणसं डहाणू रोडला उतरतात, रिक्षा करून बोर्डीला जातात, चिकू खातात, वाळूत फोटो काढतात आणि परत. जुन्या गावाकडे कोणी फिरकत नाही. आता फिरकतील. जानेवारीपर्यंत दर रविवारी तीस माणसं, हे टार्गेट. जिल्हा नवा आहे, वर कुणाच्या तरी नजरेत येणारच. मग बघू कोण कुणाचे आभार मानतो.

४ नोव्हेंबर

मार्ग ठरला. किल्ल्यापासून सुरुवात, मग पारनाका, मग खाडीकडची आमची आळी, समारोप आमच्या ओट्यावर.

आळीला 'अण्णांची आळी' म्हणतात. अण्णा म्हणजे सासरे. घर त्यांचं. लग्नानंतर क्वार्टर मिळेपर्यंत म्हणून राहायला आलो, क्वार्टर अजून मिळालेलं नाही. घरजावई हा शब्द मला आजपर्यंत कोणी तोंडावर बोललेलं नाही. पाठीमागे बोलतात, पण ऐकू येईल असं.

वॉकपुरतं आळीचं नाव 'पोर्तुगीज स्ट्रीट'.

प्रभाला प्लॅन सांगितला. प्रभा म्हणजे सौभाग्यवती, तिकडे झरीच्या शाळेत शिक्षिका. वह्या तपासत होती. मान वर न करता विचारलं की इतिहास कुठून आणणार. म्हटलं, अभ्यास करून. ती म्हणाली, बरं. तिच्या 'बरं'इतका अपमान मला हापिसातही कोणी केलेला नाही.

१० नोव्हेंबर

अभ्यास पूर्ण. पुस्तकं दोन आणली, एक चाळलं. किल्ल्याचं दोन पानांत आटोपतं. आमच्या आळीबद्दल कोणीच काही लिहिलेलं नाही. हे एका अर्थी सोयीचं आहे. खोडून काढायलाही कोणी नाही.

नविनच्या किराणा दुकानाला 'डच वखार' करायचं ठरवलं. नविन गुजराती. म्हणाला, साहेब, दुकान तो मारा (म्हणजे माझ्या) बापाने अठ्ठ्याऐंशी साली बांधलंय, मीच पाणी मारायचो भिंतीवर. म्हटलं, पाया जुना असणार. त्यावर तो म्हणाला, घराक (गिऱ्हाईक) वाढत असेल तर डच करा नाहीतर चायनीज करा, आपल्याला शुं. सहकार्य करणारा माणूस.

समोर रूपीच्या अंगणात बोंबील वाळवायचे बांबू आहेत. ती कैद्यांना टांगायची जागा.

१४ नोव्हेंबर

चारोटीच्या भंगारवाल्याकडून कमानदार खिडकी आणली. अस्सल साग. कुठल्याशा पाडलेल्या शाळेची. ओट्यालगतची भिंत फोडून बसवून घेतली. चौकटीवर 'जि. प.' असं कोरलेलं होतं, त्यावर दोन हात रंग मारला. आता आमचं घर बघताक्षणी पोर्तुगीज वाटतं.

अण्णा खुर्ची टाकून दिवसभर बघत बसले होते. शेवटी म्हणाले, जावई, चांगल्या भिंतीला भोक का पाडलंत? अण्णा शहाऐंशी वर्षांचे. रेल्वेत गँगमन होते. रूळ सरळ आहे की वाकडा एवढंच त्यांना कळतं, सौंदर्यदृष्टी आणणार कुठून.

दुपारी स्वयंपाकघरातली भांडी वाजली. मालगाडी असावी.

२ डिसेंबर, रविवार

पहिला वॉक. ऐतिहासिक दिवस.

देवेशने, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, वसईहून फोनवरच बुकिंगचं पेज करून दिलं होतं. बुकिंग अकरा. आले चार. एक कुटुंब, बोरिवलीचं. वॉक म्हणजे चालायचं असतं हे त्यांना इथे आल्यावर कळलं. गृहस्थांनी तीनदा विचारलं की गाडी कुठपर्यंत येते.

ओट्यावर मात्र मी रंगलो. सांगितलं की ही वास्तू सतराशे एकोणीस सालची, अख्खं बांधकाम मातीत, सिमेंटचा कणही नाही. पुढच्या वर्षी त्रिशताब्दी. आणि या उंबऱ्याखाली पोर्तुगीजांचं सोन्याचं नाणं पुरलेलं आहे. नाण्याचं बोलता बोलता सुचलं. गर्दी थरारली (चौघे).

तेवढ्यात अण्णा खुर्चीतून म्हणाले, दहा पैसे. लोक वळले. अण्णा म्हणाले, चौऱ्याहत्तर साली चौकट बसवली तेव्हा नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि खाली दहा पैसे ठेवले. मीच ठेवले. लोक हसले. मी कपाळाला बोट लावून खूण केली की वय झालंय. बाई हळहळल्या. म्हणाल्या, आमच्या सासऱ्यांचंही असंच होतं.

त्यांच्या मुलीने खिडकीचा रंग नखाने खरवडला आणि मोठ्याने वाचलं, जि. प. सांगितलं की जिओवानी परेरा, या घराचा मूळ मालक. तिने विचारलं मग मराठीत का लिहिलं. म्हटलं, तो शिकला होता. हल्लीच्या मुलांना प्रश्न फार.

अण्णांना रविवारी मागच्या पडवीत बसवावे.

९ डिसेंबर

आले दोन. अण्णा मागच्या पडवीत बसत नाहीत. म्हणाले, ओटा माझा, मी बांधला.

भांडी पुन्हा वाजली. या वेळी मालगाडी नव्हती. कुठेतरी खदानीत सुरुंग लावत असतील.

१८ डिसेंबर

प्रभा झरीहून आली ती धुळीने माखलेली. सांगत होती की शाळेच्या भिंतीला तडा गेलाय, पोरांना झाडाखाली बसवून शिकवते. पाड्यांवर लोक घरात झोपत नाहीत, अंगणात अंथरूण टाकतात. बारकी म्हणून एक चिमुरडी आहे, ती दप्तर आत ठेवायलासुद्धा आत जात नाही. भूकंप म्हणतात सगळे.

मी म्हटलं की पेपरवाल्यांना बातमी लागते. आणि ही अफवा बोर्डीच्या हॉटेलवाल्यांनी उठवलेली नसेल कशावरून. प्रभा म्हणाली, बरं.

रविवारची तीनही बुकिंग कॅन्सल. कारण: भूकंप. लोक इतके भित्रे असतील असं वाटलं नव्हतं.

६ जानेवारी २०१९, रविवार

नवीन वर्षाचे निश्चय. एक, वॉक बंद पडू द्यायचा नाही. दोन, त्रिशताब्दी धूमधडाक्यात, फेब्रुवारीत. तीन, अण्णांशी वाद नाही.

आज कोणी आलं नाही. तरी पूर्ण वॉक केला. एकट्याने, मोठ्याने बोलत. सराव हवा. नविनचं गिऱ्हाईक दुकानातून बघत होतं. नविनने त्याला काय सांगितलं कोण जाणे, ते आत वळून हसलं.

खिडकीच्या कोपऱ्यातून वर एक तडा गेलाय. छान दिसतो. जुनेपणा आला. पुढच्या वॉकमध्ये घेता येईल.

१७ जानेवारी

संक्रांतीचा तिळगूळ द्यायला देवेश आला होता. तडा बघितला आणि आईआजोबांना घेऊन वसईला चला म्हणाला. मी म्हटलं त्रिशताब्दी तोंडावर आहे. तो म्हणाला, बाबा, कसली त्रिशताब्दी, आजोबांनी बांधलंय हे घर. आईने वाळू चाळलीय, दहा वर्षांची होती. मुलगा तिच्यावर गेला. खात्रीची माहिती मागणारा मी एकटा या घरात, आणि मलाच कोणी विचारत नाही.

निश्चय क्रमांक तीन मोडला. अण्णांना जरा जोरात बोललो. ते खुर्ची उचलून दुसऱ्या टोकाला बसले. जेवताना मला घास गोड लागला नाही, पण चूक माझी नव्हती.

२ फेब्रुवारी

हे लिहायला नको, पण खरं आहे. काल मी पळालो. मोठा हादरा होता. ओट्यावरून सरळ पारनाक्यापर्यंत, एका पायात चप्पल. अण्णा खुर्चीतच होते. परत आलो तेव्हा विचारत होते, जावई, काय आणायला गेलात?

५ फेब्रुवारी

अखेर दखल घेतली गेली.

सकाळी सरकारी गाडी आळीच्या तोंडाशी थांबली. तिघे उतरले. सोबत श्रुतिका नावाची तरुण इंजिनिअर. जुन्या वास्तूंची पाहणी करायची आहे म्हणाली. जुन्या वास्तूंची! मी महिन्यापूर्वी वर दोन अर्ज पाठवले होते. म्हटलं साहेबांनी वाचले तर.

पूर्ण वॉक दिला. आजवरचा सर्वोत्तम. नविनची डच वखार दाखवली, नविन हरखून नमस्कार करत होता. मग आमचं घर. सतराशे एकोणीस, अख्खं मातीत, सिमेंटचा कणही नाही. तडा दाखवला. म्हटलं हा अठराव्या शतकातला. श्रुतिकाने तड्यात पट्टी घातली, फोटो काढले, गंभीर झाली. माझ्या वॉकमध्ये इतकं गंभीर कोणी झालेलं नव्हतं.

अण्णा मध्ये पडलेच. चौऱ्याहत्तर, सिमेंट कासा गावाहून आणलं, बैलगाडीने. श्रुतिकाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, म्हाताऱ्यांचं मनावर घेऊ नका, त्यांना आठवत नाही. मी महसूलमधून रिटायर झालोय, माझा शब्द म्हणजे रेकॉर्ड. ती म्हणाली, सर, तुमच्यासारख्या माणसाने सांगितलं की आमचं काम सोपं होतं.

चौतीस वर्षांत हे वाक्य मला कोणी बोललेलं नाही. जरा डोळे भरून आले. खाडीचं वारं होतं.

जाताना त्यांच्या माणसाने आमच्या भिंतीवर लाल रंगाने गोल करून आत क्रमांक टाकला. नविनच्याही. हेरिटेज लिस्टिंग.

पेढे आणले. आळीत वाटले. नविनने स्वतः पाव किलो जास्तीचे दिले.

प्रभा संध्याकाळी आली. लाल गोल बघून तिने पर्स खाली ठेवली नाही, तशीच उभी राहिली. म्हणाली, अहो, झरीला असे गोल किती घरांवर आहेत तुम्हाला ठाऊक आहे का. म्हटलं, तिकडे हेरिटेज कुठलं. ती पर्ससकट आत गेली. 'बरं'ही नाही.

८ फेब्रुवारी

हेरिटेज नाही.

माणूस येऊन सांगून गेला. लाल गोल म्हणजे घर धोकादायक. पंधरवड्यात रिकामं करायचं, मग पाडणार. मातीतलं तीनशे वर्षांचं बांधकाम, त्यात तडा, भूकंप चालू. म्हणाला, तुमच्याच घरातल्या जबाबदार माणसाने माहिती दिलीय.

अण्णा ऐकत होते. त्यांना नीट ऐकू येतं, हे मी वॉकमध्ये कधी सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी

नविन बोलत नाही. सकाळी दूध मागितलं तर म्हणाला डच वखारीत दूध नथी मळतं. वर म्हणाला, पेढे मारा, दुकान पण मारा, अने गोल बी मारा. मग बापाच्या काळचा बांधकामाचा परवाना काढून हापिसात गेला. दुपारपर्यंत त्याचा गोल खरवडलेला होता.

आमच्याकडे परवाना नाही. गावठाणात तेव्हा कोण घेत होतं. उलट घरपट्टीचा नंबर अण्णांच्या वडिलांच्या कुडाच्या घरापासूनचा, म्हणजे कागदही मलाच दुजोरा देतो. माझ्या बाजूने कागद असण्याची ही पहिलीच वेळ.

प्रभाने सरळ सांगितलं. हापिसात जा, सगळ्यांसमोर सांगा की सतराशे एकोणीस मी मनाने ठोकलं, खिडकी मी बसवली, तडा तिच्यामुळे गेला. बाबांचं घर वाचवा. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी जातो.

११ फेब्रुवारी, सोमवार

पोटात गडबड. उद्या.

१२ फेब्रुवारी

हापिसात कोणी भेटणार नाही, साहेब अच्छाडच्या सीमानाक्यावर बंदोबस्तात असतील. असतीलच. उद्या.

१३ फेब्रुवारी

गेलो.

दिपक बसला होता. माझ्या हाताखाली होता, निरोपाच्या दिवशी माझं आडनाव चुकवलं तो. आज त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. समोरच्या दोघांना म्हणाला, हे ढोलेसाहेब, जुन्या डहाणूचा चालताबोलता इतिहास, यांच्यामुळे आमची पाहणी एका दिवसात झाली. आडनाव बरोबर घेतलं.

चहा प्यायलो. सांगायला तोंड उघडलं होतं. पण तेव्हा दुसरी माणसं होती. अशा गोष्टी एकांतात सांगायच्या असतात. परत आलो.

प्रभाला म्हटलं, प्रक्रिया सुरू आहे.

१६ फेब्रुवारी

अण्णांनी सासूबाईंचा फोटो भिंतीवरून उतरवला. पुसला, धोतरात गुंडाळला, ट्रंकेत ठेवला. फोटोमागे भिंतीचा मूळ रंग दिसला, पोपटी. अण्णा बराच वेळ त्या चौकोनाला हात लावून उभे होते. मला म्हणाले, ती म्हणायची आकाशी लावू, मी पोपटी लावला, एक वर्ष बोलली नव्हती.

मला फार वाईट वाटलं. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे सांगणार.

सोमवारी नक्की.

१८ फेब्रुवारी, सोमवार

मी निघणार होतो. शर्टसुद्धा घातला होता. पण प्रभा रजा टाकून माझ्या आधी रिक्षाने गेली आणि तिला कळलं की मी तेरा तारखेला हापिसात चहाव्यतिरिक्त काही केलेलं नाही. दिपकने तिला सांगितलं, साहेब तर काहीच बोलले नाहीत, पाकिस्तानपासून पगारवाढीपर्यंत गप्पा झाल्या.

प्रभा श्रुतिकालाच घेऊन आली. श्रुतिका म्हणाली, एक जण म्हणतो तीनशे, दोघे म्हणतात पंचेचाळीस, मी कोणाचं लिहू? पुरावा द्या. मग अण्णा खुर्चीतून उठले. म्हणाले, उंबरा उकरा.

कुदळ नविनच्या दुकानातून आली. माझ्याशी तो अजूनही बोलत नाही, पण अण्णांसाठी कुदळ स्वतः घेऊन आला. आळी जमली. रूपी बोंबील टाकून आली. माझ्या एकाही वॉकला एवढी माणसं नव्हती, आकडा मी मुद्दाम मोजला नाही.

नविननेच घाव घातले. कुदळ सिमेंटवर खण् वाजली आणि लोक माझ्याकडे बघायला लागले. एक खरं सांगतो. त्या क्षणी मला मनापासून वाटत होतं की खाली सोनं निघेल. इतक्या वेळा सांगितलं होतं, मला ते दिसायला लागलं होतं.

नारळाच्या करवंटीचा तुकडा निघाला. मग नाणं. प्रभाने पदराने पुसलं. कातरलेल्या काठाचे दहा पैसे, ॲल्युमिनियमचे. वर 'नियोजित परिवार' छापलेले. साल १९७४.

श्रुतिकाने नाणं उजेडात धरलं, मग उंबऱ्यातलं सिमेंट नखाने टोकरून बघितलं. म्हणाली, घर सिमेंटमधलं आहे, पक्कं आहे, फक्त ती खिडकी काढून भिंत बुजवा. आणि मला विचारलं, सर, तुम्ही असं का सांगितलंत? रागाने नाही, खरोखर कळत नसल्यासारखं. मला उत्तर देता आलं नाही. सगळे ऐकत होते. सगळे नसते तरी आलं नसतं.

अण्णांनी लाल गोल स्वतः खरवडला, सुरीने. कोणाला हात लावू दिला नाही.

२० फेब्रुवारी

गवंड्याने खिडकी काढली, भिंत बुजवली, उंबरा नव्याने बसवला. नारळ फोडला. अण्णांनी जुने दहा पैसे पुन्हा खाली ठेवले. मी खिशातून दहा रुपयांचं नवं नाणं काढून पुढे केलं. म्हटलं, याच्याबरोबर माझंही. अण्णांनी बघितलं. म्हणाले, जावई, राहू द्या. पुढे कोणी उकरलं तर गोंधळ होईल.

खिडकी चारोटीच्या भंगारवाल्याला परत. निम्म्या भावात घेतली.

सिमेंट ओलं आहे. प्रभाने सांगितलं की दोन दिवस सगळ्यांनी मागच्या दाराने यायचं-जायचं.

२४ फेब्रुवारी, रविवार

वॉकला पाच जण आले. बुकिंगशिवाय, बोर्डीवरून परतताना. एवढे आजवर नव्हते. किल्ल्यापाशी मी पुढे होऊन नमस्कार केला तर म्हणाले, ते दहा पैशांचं घर कुठे आहे? आम्ही ऐकलंय की एका माणसाने स्वतःच्या सासऱ्याचं घर पाडायला दिलं होतं.

रस्ता दाखवला. पारनाक्यावरून उजवीकडे, अण्णांची आळी.

मागे मागे गेलो. अण्णा ओट्यावर खुर्चीत होते. वाळू कोणी चाळली, पोपटी रंग कसा लागला, सगळं सांगत होते. लोक उभ्याने ऐकत होते. कोणी गाडी कुठपर्यंत येते विचारलं नाही. प्रभाने सगळ्यांना चहा दिला. एकाने मागे वळून विचारलं, हे कोण? अण्णा म्हणाले, घरचेच आहेत.

नाव सांगितलं नाही. ते त्यांचं मोठेपण, की दुसरं काही, मला कळलं नाही.

३ मार्च, रविवार

वॉक नाही.

निरोपाच्या घड्याळात सेल टाकला. चालतं.

उंबरा केव्हाच वाळलाय. सगळे पुढच्या दाराने येतात-जातात. मी अजून मागच्या दारानेच येतो. कोणी काही म्हणालेलं नाही.